पहिल्या जोडाचा कागद

कासम सरखोत, वय त्रेसष्ट, राहणार हिद्द,
सुक्या गोदीत अठ्ठावीस वर्षं वेल्डर.
तीन वर्षांपूर्वी मिरजेत
उजव्या फुप्फुसाला तीस दिवस किरणं, साठ ग्रे.
आता पुन्हा तिथंच, अंगठ्याच्या पेराएवढं,
महारोहिणीला खेटून.

मी फिजिसिस्ट.
माणसाला हात न लावता त्याच्या आतलं मोजायचं,
त्याचा पगार मिळतो.
मनाम्यातलं हे तळघर, बाहेर पंचेचाळीस अंश,
आणि मी स्वेटर घालून.

जुनी माहिती सीडीत आली. सीडी उघडेना.
मग त्याच्या पुतणीनं कागदाचा फोटो पाठवला:
एकूण मात्रा, तारखा, कुणाची तरी सही,
कोपऱ्यात चहाचा डाग.
किरणं कुठून शिरली, कुठून बाहेर पडली,
जाता जाता कण्याला किती शिवली,
ते कागदावर नव्हतं.

थांबू या, मी म्हटलं.
डॉक्टर हनान म्हणाल्या, थांब,
पण गाठ थांबणार नाही, तेही हिशेबात धर.

नवव्या दिवशी मिरजेहून रात्रपाळीच्या कुणीतरी
बंद पडलेल्या सर्व्हरातून ती फाइल उपसून पाठवली.
नावही कळवलं नाही त्यानं.

आता माझ्या पडद्यावर दोन कासम.
तेव्हाचा भरलेला, आताचा अकरा किलो कमी.
एकावर एक ठेवले तर बसत नाहीत.
मणके जुळवावेत तर फुप्फुस सरकतं,
फुप्फुस जुळवावं तर अन्ननलिका हट्टी.
दोन बेरजांच्या मधल्या फटीत
मी संध्याकाळचे सात वाजवले.

जळलेलं फुप्फुस पांढरा व्रण होऊन गप्प आहे.
मज्जारज्जू थोडं विसरतो म्हणतात,
किती, यावर लेख आपसात भांडतात.
महारोहिणीचं मात्र
कुणी छातीठोकपणे काही सांगत नाही.
ती फाटली तर काय, हे मला संमतीपत्रात
त्याच्यासमोर, त्याच्याच भाषेत वाचावं लागलं.

तो खाली बघत होता. बोटांवर जुने चटके, ठिपके ठिपके.
मग म्हणाला,
"म्हंजे जुन्या जोडावर नवा जोड."
होय.
"दुसऱ्यांदा तापवलेला पत्रा आधी घासून बघायचा, बाय.
तडा दिसला तर हात नाही लावायचा.
आमच्या गोदीत पहिल्या जोडाचा कागद असल्याबिगर
फोरमन मशीन चालू करू देत नसे.
तुमाला मिळाला काय कागद?"

मिळाला, मी म्हटलं. नऊ दिवस लागले.

"मग बरं," तो म्हणाला, आणि सही केली.
मला मात्र बरं वाटलं नाही.
आम्ही रोहिणीकडची मात्रा कापली होती.
गाठीचा एक कोपरा त्यामुळे अर्धपोटी राहणार होता.
तेही सांगितलं. "कोपरे राहतात," तो म्हणाला.

त्याच्या मुठीत बटण. दाबलं, श्वास धरला, की किरण.
सोडलं की बंद.
डॉक्टर हनानचे पणजोबा मुहर्रकला मोत्यांसाठी बुडी मारत,
कमरेला दोर, वर दोर ओढणारा सैब.
त्या हे प्रत्येक नव्या माणसाला सांगतात.
कासमभाईंनाही सांगितलं.
ते म्हणाले, आम्ही टाकीत उतरायचो तेव्हाही दोर असायचा,
वरचा माणूस बिडी प्यायला जायचा.

चौथ्या दिवशी सतराव्या सेकंदाला खोकला आला.
अंगठा उचलला गेला, किरण थांबलं.
काचेपलीकडे मी खुर्चीतून उठलेली होते,
कधी उठले, आठवत नाही.
रुमाल पांढराच निघाला.
पुन्हा श्वास. पुन्हा बटण.

शेवटच्या दिवशी चप्पल घालता घालता
ते म्हणाले, सुरक्षित होतं का, ते विचारत नाही,
तुमाला ठाऊक नाही, मला दिसतंय.
पण ह्या जोडाचा कागद द्या.
उद्या कुणाला लागला तर.

मी प्रिंट काढायला वळले.

"आणि सीडी नको," मागून आवाज आला,
"ती उघडत नाय."